हाताखालचा माणूस पुढे कसा जाईल?

आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी हैदराबादेत कचेऱ्या, दुकाने, छापखाने व शाळा यांत जबाबदारीच्या जागांवर आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली दोन-चार माणसे असतातच. त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे, हे आपण अनुभवाने शिकतो. परंतु त्यांची वाढ कशी व्हावी, याचा विचार फारसा होत नाही. तो येथे करावयाचा आहे.

आरंभ आमच्याच चुकीपासून करतो. एका कचेरीत आम्ही विभागप्रमुख असताना एक तरुण कारकून आमच्याकडे होता. फाईल मागण्यापूर्वीच ती टेबलावर यावी, इतका तो तरबेज! खात्याच्या परीक्षेसाठी त्याने तीन आठवड्यांची रजा मागितली. मार्चअखेर जवळ आली होती. ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून आम्ही अर्ज खणात ठेवला. पुढच्या वर्षी तो वयाच्या अटीत बसेना. तो रागावला नाही. काम पूर्वीइतकेच चोख करी. मात्र त्यानंतर त्याने आपण होऊन एकही नवी गोष्ट सुचविली नाही. त्याच टेबलावरून तो निवृत्त झाला. निरोपसमारंभात त्याच्या निष्ठेची स्तुती करताना आम्हांला मान वर करवेना.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. तेथे त्यांची हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. पुढे १९१० साली औंध संस्थानातील माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथे माणसे निवडताना प्रमाणपत्रापेक्षा त्यांनी हात आणि डोके पाहिले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक इंजिनियर झाले. ज्याला स्वतःला अडविले गेले, त्याने इतरांना अडविले नाही.

आपल्या शहरातही या विषयाचा अभ्यास जुना आहे. बेला व्हिस्टा या राजवाड्यात असलेली अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया ही संस्था १९५६ साली स्थापन झाली. तिचे पहिले प्राचार्य जनरल श्रीनागेश यांचा जन्म कोल्हापूरचा. १९५५ ते १९५७ या काळात ते भारताचे सेनाप्रमुख होते. सरकारी व खाजगी क्षेत्रांतील अधिकाऱ्यांचे लहान गट करून चर्चेतून शिकविण्याची तेथील मूळ पद्धत. गटाचे प्रमुखपद पाळीपाळीने प्रत्येकाकडे येई. आज प्रमुख असलेला उद्या दुसऱ्याच्या हाताखाली बसे. वरिष्ठाला याहून चांगला धडा कोणता?

लहानशा दुकानातही चार गोष्टी करता येतील. पहिली, वर्षातून एकदा प्रत्येकाला निवांत बसवून ‘तुला पुढे काय व्हावयाचे आहे?’ असे विचारावे. सर्वांनाच मोठा हुद्दा नको असतो. कोणाला नवे काम हवे असते, तर कोणाला घरी वेळेवर जावयाचे असते. न विचारता हे कळत नाही. दुसरी, काम सोपविताना त्यातील थोडा निर्णयही सोपवावा. चूक झाल्यास एकांतात सांगावी आणि यशाचे श्रेय चारचौघांत द्यावे. तिसरी, शिक्षणाला सवड द्यावी. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेतच निघाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. नोकरी सांभाळून पदवी घेण्याची सोय दाराशी आहे. वरिष्ठाने परीक्षेची रजा तेवढी अडवू नये.

चौथी गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. प्रत्येक महत्त्वाचे काम निदान दोघांना येत असावे. त्या कारकुनाला आम्ही सोडू शकलो नाही, कारण त्याचे काम दुसऱ्या कोणालाच येत नव्हते. दुसरा माणूस तयार करणे हे आमचे काम होते. ते आम्ही केले नाही आणि त्याची किंमत त्याने भरली.

वाढलेला माणूस कधी आपली जागा सोडून जाईलही. तेव्हा गैरसोय होते, हे खरे. ती सोसण्याची तयारी ठेवावी. वाचकांपैकी कोणाच्या खणात असा एखादा अर्ज पडून असेल, तर तो उद्याच बाहेर काढावा, एवढीच विनंती.