बुटकं हॉलीहॉक : कुंडीत लावण्याआधी वहीत पेरा



मागच्या व्हिडिओत आपण बुटक्या हॉलीहॉकची रोपं कुंडीत कशी लावायची ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "ताई, हे गच्चीवर वाढवून विकता येईल का?" येईल. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. गिऱ्हाईक हे फूल फेब्रुवारीत बघतं आणि फेब्रुवारीतच मागतं. तुम्ही मात्र बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेलं असायला हवं. मागणी दिसल्यावर पेरणाऱ्याचा या झाडात हमखास तोटा होतो. म्हणून आज लागवड आणि हिशोब दोन्ही एकत्र बघू.

झाड ओळखून घ्या

हॉलीहॉक हे भेंडी, कापूस आणि जास्वंदीच्या कुळातलं. साधं हॉलीहॉक पाच ते आठ फूट सरळ वर जातं. फ्लॅट किंवा रो-हाऊसमध्ये राहणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. वाऱ्याने पडतं, काठी लावावी लागते, कुंडीत शोभत नाही. बुटक्या जाती दोन ते अडीच फुटांत थांबतात आणि फुलं जमिनीजवळूनच लागतात. 'क्वीनी', 'मॅजोरेट', 'स्प्रिंग सेलिब्रिटीज' ही त्यातली नावाजलेली नावं. फुलं बहुतेक दुहेरी, झालरीसारखी, गुलाबी-पिवळ्या-जांभळ्या रंगांची. तुम्ही विकताय ते फूल, पण गिऱ्हाईक पैसे देतंय ते उंचीचे. हे विसरू नका.

बी : इथे माझे पैसे गेले

पहिल्या वर्षी माझ्या कुंड्या छान आल्या. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, बी विकत कशाला घ्यायचं? घरच्या झाडांच्या शेंगा वाळवल्या, बी काढलं आणि एका सोसायटीच्या गेटजवळच्या वाफ्याची ऑर्डर घेतली. "दोन फुटांच्या वर जाणार नाही," असं तोंडाने सांगून बसले. जानेवारीपर्यंत अर्धी झाडं माझ्या खांद्याला लागली आणि सोसायटीच्या नावाची पाटीच दिसेनाशी झाली! झाडं काढून दिली, पैसे परत केले.

चूक माझीच होती. संकरित जातीचं बी धरलं की पुढची पिढी तशीच येईल याचा भरवसा नसतो. शिवाय मधमाश्या शेजारच्या उंच हॉलीहॉकचे परागकण आणतात. म्हणून विक्रीच्या झाडांसाठी दरवर्षी सीलबंद पाकीट घ्या. पाकिटावर तीन गोष्टी वाचा : उंची, पहिल्याच वर्षी फुलणारी जात आहे का, आणि बियाण्याची मुदत. हॉलीहॉकच्या बऱ्याच जाती दुसऱ्या वर्षी फुलतात. आपल्याकडे सपाटीवरच्या उन्हाळ्यात एवढं थांबणं धंद्याला परवडणारं नाही.

वेळापत्रक

गणपती झाले की पेरणीला लागा. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य ही चांगली वेळ. कोकणात पाऊस रेंगाळतो, तिथे ट्रे छपराखाली ठेवा. बी अर्धा सेंटीमीटर खोल, एका कपात एक किंवा दोन. एक ते दोन आठवड्यांत उगवतं. याचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, त्यामुळे उथळ ट्रेमध्ये फार दिवस ठेवलं तर मूळ वाकतं आणि झाड खुरटतं. खोल कागदी कप वापरा. तीन-चार खरी पानं आली की मुळाभोवतीची माती न फोडता मोठ्या कुंडीत हलवा. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण चार ते पाच महिने धरा.

कुंडीत

कुंडी किमान १० इंच खोल हवी, खाली भोकं मोकळी. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. काळी चिकट माती असेल तर थोडी वाळू मिसळा. दिवसाला सहा तास तरी ऊन. नत्राचं खत जास्त झालं की नुसता पाला माजतो. कळ्या दिसू लागल्या की पालाश असलेलं खत थोडं थोडं द्या. शेंडा खुडू नका, कारण पहिला तुरा तिथेच येतो.

वाफ्यात

दोन झाडांत एक ते सव्वा फूट अंतर ठेवा. बुटकं असल्यामुळे ते मागच्या रांगेत किंवा मधल्या रांगेत बसतं. पुढे पिटुनिया, डायँथस अशी ठेंगणी फुलं लावा. पाणी साचणारी जमीन असेल तर वाफा सहा इंच उंच करा. ऑर्डर घेताना जागेवर उभं राहून दोन गोष्टी बघा : दुपारी ऊन कुठे पडतं आणि पाण्याचा नळ किती लांब आहे. रोज पाणी कोण घालणार, हे ठरल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका.

तांबेरा : नाव घालवणारा रोग

हॉलीहॉकचा मुख्य शत्रू तांबेरा. पानाच्या वर पिवळे ठिपके आणि पान उलटलं की नारिंगी-तपकिरी पुळ्या. सुरुवात खालच्या पानांपासून होते. असं पान दिसताच तोडा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका; कंपोस्टमध्ये नको. पाणी सकाळी आणि बुंध्याशी घाला, पानांवर फवारू नका. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नका, हवा खेळू द्या. मावा आणि पांढरी माशीसाठी एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. गच्चीवर भेंडी किंवा जास्वंद असेल तर तिकडेही लक्ष ठेवा, किडी तिथून इकडे येतात.

कुंडी दुकानाबाहेर जाण्याआधी खालचं पान उलटून बघायचं, हा आमच्याकडे नियम आहे. रोगट कुंडी विकली तर १८० रुपये मिळतील, पण ते गिऱ्हाईक परत येणार नाही.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा मांडा. धरून चाला की १०० बियांतून विकण्यासारख्या ७० कुंड्या तयार झाल्या.

बी : ४०० रुपये
कुंड्या, ४० रुपयांप्रमाणे ७० : २,८०० रुपये
माती-खताचं मिश्रण, कुंडीमागे २० : १,४०० रुपये
खत, निंबतेल : ३०० रुपये
एकूण : ४,९०० रुपये

म्हणजे कुंडी पडली ७० रुपयांना. १८० ला विकली तर ११० रुपये नफा! बहुतेक जण इथेच वही बंद करतात. पण तुमची मेहनत कुठे गेली? रोज अर्धा तास, १३० दिवस, म्हणजे ६५ तास. तासाला ६० रुपये धरले तर ३,९०० रुपये. एकूण खर्च झाला ८,८००, आणि कुंडी पडली साधारण १२६ रुपयांना.

सगळ्या ७० विकल्या तर १२,६०० रुपये येतील, नफा ३,८००. पण ५० च विकल्या गेल्या तर? ९,००० रुपये येतील. हातात उरले २०० रुपये. म्हणजे ४९ वी कुंडी विकली जाईपर्यंत तुम्ही फक्त खर्च भरून काढताय. हा आकडा माहीत असलेला माणूस १०० कुंड्या भरण्याआधी विचार करतो, आणि गिऱ्हाइकाने "दीडशेला द्या" म्हटल्यावर पटकन मान हलवत नाही.

विकायचं कधी?

पूर्ण फुललेली कुंडी सुंदर दिसते, पण तिचे दिवस कमी उरलेले असतात. खालची दोन-तीन फुलं उमललीत आणि वर कळ्या भरपूर आहेत, अशा वेळी विका. गिऱ्हाइकाला घरी पुढचे काही आठवडे फुलं मिळतात आणि तो आपणहून चार जणांना सांगतो. एक पूर्ण फुललेली कुंडी नमुन्याला दारात ठेवा. मार्चचं ऊन तापायच्या आत माल संपवायचा, हे लक्ष्य ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

बी विकत घ्यायच्या आधी ओळखीच्या दहा जणांना विचारा : दोन फुटी, फुललेल्या कुंडीचे किती पैसे द्याल? "छान आहे" हे उत्तर मोजू नका. आगाऊ ५० रुपये देऊन कुंडी राखून ठेवतील तेवढीच नावं वहीत लिहा. तुमची खरी मागणी तेवढीच. पहिल्या वर्षी त्या आकड्यापेक्षा थोड्याच जास्त कुंड्या भरा. बाकीची गच्ची मोकळी राहिली तरी चालेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही जवळ ठेवा!