हिमगाभ्याचे शिक्षण

गोडादऱ्यात बर्फ म्हटला की उन्हाळ्यातील सरबत आणि भुशात गुंडाळलेली लादी एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु बर्फातून जुने हवामान वाचता येते, आणि ती विद्या शिकण्याची सोय गोव्यात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती. आज वास्को येथील हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात, आणि आत उणे वीस अंशांच्या खोलीत लोकरी कपडे घातलेले तरुण बर्फ कापीत असतात.

अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडलेले हिम सहसा वितळत नाही. थरावर थर दाबला जातो. पोकळ नळीचे यंत्र खाली उतरवून जो दंडगोल काढतात, तो हिमगाभा. वरचा भाग ताजा, खालचा जुना. युरोपीय शास्त्रज्ञांनी डोम-सी येथे तीन किलोमीटरांहून खोल जाऊन आठ लाख वर्षांचा हिशेब मिळविला. आपल्या मंडळींनी आणलेल्या एका गाभ्यातून १९०५ ते २००५ या शतकाचे हवामान वाचले गेले.

नवशिक्याने प्रथम काय शिकावे? यंत्रे नव्हेत, तर स्वच्छता! बर्फातील समुद्री मीठ अब्जात काही भाग इतके अल्प असते, आणि घामातही तेच मीठ! उघड्या बोटाचा एक स्पर्श सारे मोजमाप फुकट घालवितो. आपल्याकडे ताक्यावर कात्री चुकली तर तुकडा तरी विकला जातो. हा बर्फ मात्र एकदा बिघडला की त्या वर्षाचा पुरावा गेला. म्हणून आधी अतिशुद्ध पाण्याचा बर्फ करून तोच कापावयाचा, खरवडावयाचा, वितळवून तपासावयाचा. त्यात जे मीठ निघेल, ते बहुतांशी आपल्या हाताचे नाही तर पात्याचे. ते कमी होईपर्यंत सुज्ञ मार्गदर्शक खरा गाभा हाती देत नाही.

पुढे खरा गाभा आला की वरची बाजू कोणती याची खूण आधी पाहावयाची. उलटला तर वर्षेच उलटली. यंत्राचा स्पर्श झालेली बाहेरची साल काढून टाकतात, आतला भाग वितळवितात, आणि काही भाग पुढील पिढीसाठी राखून ठेवतात. (ही राखण मला फार आवडते.) वितळलेल्या पाण्यात जड ऑक्सिजन किती, हे पाहतात. ध्रुवाकडे जाणाऱ्या वाफेतून जड पाणी आधी गळून पडते. म्हणून थंडी अधिक, तितके ते हिमात कमी. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा १८१५ चा स्फोट आम्लाच्या थराने ओळखता येतो, आणि कालगणनेस मैलाचा दगड मिळतो.

बुडबुड्यांत अडकलेली जुनी हवाही मोजतात. येथे नवखा हमखास फसतो. वरचे कित्येक मीटर हिम सच्छिद्र असते, त्यातून हवा खेळत राहते, आणि ती बंदिस्त होते फार खाली. म्हणजे बुडबुड्यातील हवा भोवतालच्या बर्फाहून तरुण! त्यामुळे वहीत एकाच तुकड्यापुढे दोन वये लिहावी लागतात : एक बर्फाचे, एक हवेचे.