विहिरीचा सौर पंप व त्याच्या बॅटऱ्या

एका खेड्यातील उपदेशकांनी आम्हांस पत्राने असे विचारले आहे की, त्यांच्या पंचवीस घरांच्या वस्तीच्या विहिरीवर एक अश्वशक्तीचा सौर पंप बसवावयाचा ठरला आहे व वर्गणीही जमली आहे. परंतु दुकानदार म्हणतो, चार मोठ्या बॅटऱ्या घेतल्यावाचून रात्री व ढगाळ दिवशी पाणी मिळणार नाही. त्या घ्याव्या काय, आणि घेतल्यास कोणत्या? ती वर्गणी कोणी कोंबड्या विकून, कोणी मजुरीच्या पैशांतून दिलेली आहे, व तिचा मोठा भाग ह्या एका प्रश्नावर खर्ची पडावयाचा आहे. यास्तव उत्तर सर्व वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हे ध्यानात धरावे की, त्या वस्तीस रात्री पाणी पाहिजे आहे, पंप चालावयास पाहिजे असे नाही. ह्या दोन गोष्टी एकच मानल्या म्हणजे खर्च वाढतो. दर माणशी दररोज 55 लिटर धरले, तर पंचवीस घरांतील सव्वाशे माणसांस सुमारे 7000 लिटर पाणी लागेल. आता 1000 लिटर पाणी विहिरीतून टाकीच्या तोंडापर्यंत 30 मीटर उचलावयाचे, तर शुद्ध हिशेबाने सुमारे 82 वॉट-तास शक्ती लागते. पंपात व नळांत जी घट होते ती धरली म्हणजे 200 च्या आसपास. अर्थात सर्व वस्तीच्या पाण्यास दिवसाला सुमारे 1400 वॉट-तास, म्हणजे दीड युनिटाहूनही कमी. स्वच्छ उन्हाच्या दोन-तीन तासांत पंप हे काम करू शकतो.

आता बॅटरीकडे पाहा. 12 व्होल्ट व 150 अँपिअर-तास असे जिच्यावर लिहिलेले असते, तिच्यात ह्या दोन आकड्यांचा गुणाकार, म्हणजे 1800 वॉट-तास शक्ती मावते. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, केल्यास ती लवकर मरते. उरले 900, त्यांतून इन्व्हर्टर आपला भाग घेतो. म्हणजे हाती 800 आले, आणि तेवढ्याने 4000 लिटर पाणी वर चढेल. जी बॅटरी उचलण्यास दोन धट्टेकट्टे गडी लागतात, व जी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, तिची किंमत पाण्याच्या मापाने एवढीच! उलट, 5000 लिटरांची प्लॅस्टिकची टाकी उंच ओट्यावर बसविली, तर दुपारी भरलेले पाणी रात्री आपोआप नळाने खाली येते. तिला ना आम्ल, ना तार. अशा दोन टाक्या घेतल्या तर एक ढगाळ दिवस सहज निभावतो. शिवाय ढगांतूनही पंप थोडाबहुत चालतोच, आणि पावसाळ्यात विहिरीचे पाणीही वर आलेले असते. 2019 साली सुरू झालेल्या कुसुम योजनेतील शेतीचे सौर पंपही बहुधा बॅटरीवाचूनच चालतात. ती कोणाची चूक नव्हे.

तर मग बॅटरी मुळीच नको काय? पंपासाठी नको, दिव्यांसाठी हवी. मंदिरात व रात्रीच्या शाळेत 9 वॉटचे आठ दिवे आणि 30 वॉटचे दोन पंखे चार तास चालविले, तर 528 वॉट-तास होतात. काही मोबाईल भरावयाचे धरून 600 म्हणा. ह्यास वर सांगितलेली एकच बॅटरी पुरे. तिच्यासाठी पंपाहून वेगळे असे सुमारे 200 वॉटचे पॅनेल व चार्ज कंट्रोलर घ्यावा.

कोणत्या जातीची घ्यावी, ह्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ट्रॅक्टरची किंवा मोटारीची बॅटरी कदापि घेऊ नये. तिच्या पट्ट्या पातळ असतात. क्षणभर मोठा झटका देऊन इंजिन सुरू करणे हेच तिचे काम. रात्रभर दिवे जाळण्यास ती लावली तर काही महिन्यांत निकामी होते. एका गावी आम्ही अशा तीन मेलेल्या बॅटऱ्या भिंतीशी ओळीने मांडलेल्या पाहिल्या. "स्वस्त मिळाल्या होत्या," असे आम्हांस सांगण्यात आले.

शिसे-आम्लाचीच घ्यावयाची तर जाड नळ्यांची, ट्यूब्युलर म्हणतात ती घ्यावी, आणि तिचे माप सी-10 ह्या रीतीने दिलेले आहे काय ते वाचावे. सी-20 च्या रीतीने तीच बॅटरी मोठी दिसते. तिच्यात दर महिन्यास पाहून बॅटरीचे शुद्ध पाणीच घालावे. विहिरीचे पाणी कितीही गोड असो, त्यातील क्षार पट्ट्यांस मारक होतात. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी व जवळ दिवा किंवा विडी नेऊ नये. रिकामी करून कित्येक दिवस तशीच ठेवणे हेही तिला घातक होय.

दुसरी जात लिथियम-लोह-फॉस्फेटची. तिच्यात पाणी घालावे लागत नाही, वजन पुष्कळ कमी, आणि ती शेकडा 80 पर्यंत रिकामी केली तरी चालते. म्हणून 12.8 व्होल्ट व 100 अँपिअर-तासांची ही बॅटरी त्या 150 च्या बॅटरीइतके, किंबहुना काहीसे अधिकच काम देते. दोन-तीन हजार वेळा भरणे-उतरणे ती सोसते. परंतु प्रथम पैसे अधिक पडतात, आणि चार्ज कंट्रोलर तिच्याच जातीस जुळवून लावावा लागतो. जेथे महिन्याच्या महिन्यास झाकणे उघडून पाहणारा माणूस खात्रीने नाही, तेथे आम्ही हीच घ्यावयास सांगू. उपदेशकांची बदली होते व बॅटरी तेथेच राहते, हे विसरू नये.

कोणतीही घ्या, विहिरीवरील पत्र्याच्या खोपटात ठेवू नका. 25 अंशांच्या वर दर दहा अंश उष्णतेस शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. वैशाखात त्या पत्र्याखाली काय होत असेल ते सांगावयास नको. जुनी व नवी एकत्र जोडू नये. मेलेली बॅटरी फोडून शिसे काढू नये, मुलांस त्याचे विष बाधते. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे हे बनविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. म्हणून नवी घेतानाच दुकानदाराकडून तसे लिहून घ्यावे.

ज्या वाचकांस आपल्या विहिरीचा हिशेब हवा असेल त्यांनी उन्हाळ्यातील पाण्याची खोली, टाकीच्या जागेची उंची व घरांची संख्या कळवावी.