सही करण्याआधी

तू रुजू झालीस आणि म्हणालीस, ‘मॅडम, चार गोष्टी सांगा.’ फोनवर सांगायला गेले तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहून पाठवते. शिकवावं कसं, यावर काही लिहीत नाही. ते तुला येतं, उरलेलं वर्ग शिकवतो. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत अध्यापकांसाठी व्यावसायिक नीतिमत्तेची संहिता आहे, ती एकदा शांतपणे वाच. वाईट नाही. पण शिक्षकानं निःपक्षपाती असावं एवढंच त्यात असतं. चेअरमनचा पुतण्या अंतर्गत परीक्षेला बसलाच नाही आणि प्राचार्य ‘बघा जरा’ म्हणाले, तर तोंडातून नेमकं काय काढायचं, ते कुठल्याच संहितेत नसतं.

इतकी वर्षं कॉलेजात काढल्यावर माझं मत असं झालंय, की आपल्या नोकरीत नीतीचा प्रश्न उभा राहतो तो बहुतेक वेळा कुणीतरी सहीसाठी कागद पुढे सरकवतं तेव्हा. जर्नल, हजेरीपत्रक, गुणपत्रक, बैठकीचं इतिवृत्त, शोधनिबंधावरचं नाव. मोठा घोटाळा करण्याइतकी सत्ता आपल्या हातात कुणी देत नाही. लहान लहान सह्या मात्र रोज मागतात.

जर्नलचंच घे. सत्र संपायला आठवडा उरला की जर्नलांचा गठ्ठा टेबलावर येतो आणि लॅब असिस्टंट म्हणतो, ‘मॅडम, सर्टिफाय करून टाका, हॉलतिकिटं अडलीत.’ आमच्या विभागात एका वर्षी मक्याच्या खोडाच्या आडव्या छेदाची आकृती अख्ख्या बॅचनं काढली होती, आणि प्रत्येकाच्या आकृतीत डाव्या बाजूला, एपिडर्मिसला लागून, एक मोठा गोल होता. मक्यात तसं काही नसतं. तो हवेचा बुडबुडा होता. मागे केव्हातरी एका मुलाची कव्हरस्लिप नीट टेकली नसणार. त्यानं भिंगाखाली दिसलं ते इमानदारीनं काढलं, आणि पुढच्या बॅचेसना त्याचं जर्नल झेरॉक्सच्या दुकानात मिळालं. प्रामाणिक तो एकटाच. बाकी सगळ्या बुडबुड्यांखाली विभागातल्या कुणाची ना कुणाची सही होतीच.

म्हणून सही त्याच दिवशी करायची, सूक्ष्मदर्शकाशेजारी उभं राहून, तारखेसकट. आधी स्लाइड बघायची, मग आकृती, मग पेन उघडायचं. वीस जणांच्या बॅचला हे आरामात जमतं. जो गैरहजर होता त्याची जागा रिकामी ठेव. प्रयोग नंतर करून घे, पण मागची तारीख टाकू नकोस. मागची तारीख ही कॉलेजातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात चालणारी लबाडी. ‘नॅक’ची समिती येणार म्हटलं की पाच-पाच वर्षांची इतिवृत्तं एका रात्रीत, एकाच शाईनं लिहून निघतात. तुझ्यापुढेही वही येईल. ‘सगळेच करतात’ म्हणतील. वाद घालू नकोस. ‘सर, या बैठकीच्या वेळी मी नोकरीतच नव्हते, मी कशी सही करू?’ एवढंच विचार. हा प्रश्न कुणाला खोडता येत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही.

आता प्रॅक्टिकल परीक्षा. हे जरा सविस्तर लिहिते, कारण माणसाची पारख इथे होते आणि विद्यापीठातलं कुणीही बघत नसतं. एक्सटर्नल म्हणून जाशील तेव्हा स्टँडवर घ्यायला गाडी येईल. आल्या आल्या पोहे, चहा. मग इंटर्नल हळूच म्हणतील, ‘आपल्या मुलांना जरा सांभाळून घ्या, ग्रामीण भागातली आहेत.’ यात गैर काही नाही, त्यांची मुलं आहेत. पुढे मात्र एक चिठ्ठी येते, तिच्यावर बैठक क्रमांक आणि समोर ‘अपेक्षित’ गुण. ती चिठ्ठी हातात घेऊच नकोस. ‘वहिनींच्या हातच्या पोह्यांना नाही म्हणत नाही, हे मात्र राहू द्या’ असं हसत म्हटलं तरी भागतं. गुणपत्रक जेवणाआधी पुरं करायचं, दोघांच्या सह्या करायच्या आणि पाकीट बंद करायचं. जेवण झाल्यावर, पान खाता खाता गुण बदलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जेवणानंतर कुणाचंही मन मोठं होतं.

तोंडी परीक्षेत मुलांना बैठक क्रमांकानं हाक मार. नाव विचारलं की आडनाव येतं, आडनावामागून गाव, आणि मग समोरच्या खुर्चीवरचा चेहरा कधी सैल, कधी ताठ होतो. असे चेहरे बदललेले मुलांना फार लवकर कळतात. त्यांनी ते जन्मापासून पाहिलेले असतात. एका वेळी एकाच मुलीला बंद खोलीत बसवून व्हायवा घेऊ नकोस, आणि दुसरं कुणी घेत असेल तर तू तिथं जाऊन बस.

आता त्या पुतण्याचं. अंतर्गत गुण वीस असोत, तीस असोत की चाळीस, सगळी ओढाताण त्यांच्यावरच होते, कारण ते पूर्णपणे आपल्या हातात असतात. माझा उपाय असा होता: प्रत्येक चाचणीचे गुण दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर, आणि तपासलेले पेपर मुलांच्या हातात. एकदा सगळ्या वर्गानं आकडे पाहिले की नंतर कुणासाठी तो बदलायचा म्हटलं तर ते चाळीस जणांसमोर करावं लागतं, आणि सांगणाऱ्यालाही ते कळतं. तरीही कुणी आग्रह धरलाच तर ‘सर, एवढं लेखी द्या, मी लगेच करते’ असं म्हणायचं. आवाज न चढवता. लेखी कुणी देत नाही. पुतण्याला मात्र बोलावून घे, नियमात बसत असेल तर पुन्हा परीक्षेची संधी सगळ्या गैरहजरांना एकत्र दे. त्याला एकट्याला नको आणि त्याला वगळूनही नको. काकाचा राग पुतण्यावर काढणारे शिक्षकही मी पाहिलेत, आणि ते स्वतःला बाणेदार समजतात.

कॅप सेंटरवर उत्तरपत्रिका तपासायला बसलीस की दर पेपरामागे मानधन असल्यानं हात आपोआप धावायला लागतो. धावू देऊ नकोस. पहिला प्रश्न सगळ्या गठ्ठ्याचा तपास, मग दुसरा. असं केलं की पहिल्या पेपरातल्या सुंदर अक्षराची छाप शेवटच्या प्रश्नापर्यंत टिकत नाही. एखाद्या पुरवणीत ‘मॅडम, लग्न ठरलंय, पास करा’ असं लिहिलेलं सापडेल, क्वचित पिन केलेली पाचशेची नोटही. नोट हातात न घेता तिथल्या तिथे कॅप संचालकांना बोलाव आणि नोंद करून घे. ती नोट खिशात घालणं जितकं वाईट, तितकंच ती गुपचूप परत घालून पेपर पुढे ढकलणं. काठावरच्या मुलाला ग्रेस ऑर्डिनन्सनं मिळतो, तो तुझ्या पेनानं द्यायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये आदित्य बंडोपाध्याय खटल्यात सांगितलंय, की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते. तेव्हापासून मी प्रत्येक पेपर तो मुलगा समोर बसलाय असं समजून तपासायला लागले, आणि समासात कुठे गुण कापला ते लिहायला लागले. त्रास वाढला, पण तक्रारी जवळजवळ संपल्या.

संशोधनात तू अजून नवी आहेस, तेव्हा इथे तुला मागणारे जास्त भेटतील. साहित्यचोरीविरुद्धच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, दहा ते चाळीसला प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, साठाच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. लोकांनी यातून धडा घेतला तो असा, की नऊ टक्क्यांवर आणून देणारी दुकानं उघडली. इंग्रजीतला अख्खा परिच्छेद मराठीत उतरवला तर सॉफ्टवेअरला बहुधा पत्ता लागत नाही. मूळ लेखकाला लागतो. आणि पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नलं? यूजीसीनं मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. नंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ च्या सुरुवातीला गुंडाळली. ज्यांनी बढतीसाठी म्हणून त्यांत पैसे भरले, त्यांच्या हातात आज काय आहे? मी म्हणते, दोन वर्षांत एकच लेख लिही, पण तुझ्या तालुक्यातल्या देवराईवर लिही, जो दुसरा कुणी लिहू शकत नाही. विभागप्रमुखाचं नाव लेखावर घालायचं का? त्यांनी काम केलं असेल तर घाल. खोली, खुर्ची आणि रजेच्या अर्जावर सही दिली असेल तर शेवटी आभार मान. उद्या तू गाइड होशील, तेव्हा तुझ्या विद्यार्थ्यांना हाच हिशेब लाव. आणि तुझ्याकडे व्हायवाला आलेल्या रेफरीच्या जेवणाचा, शालीचा नि पाकिटाचा खर्च त्या पोरावर टाकू नकोस. त्याची फेलोशिप आधीच सहा महिने थकलेली असते.

बाहेरच्या कमाईचा वाद आपल्याकडे जुना आहे. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागे हेही एक कारण होतं. आजीव सदस्यानं बाहेरची कामं करावीत का आणि त्यातून मिळालेला पैसा कुणाचा, यावर ती सगळी मोठी माणसं भांडली. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तेही त्यात आलं. कोण बरोबर होतं ते राहू दे. मला त्यातलं आवडतं ते हे, की प्रश्न सभेत, नोंदींत, उघडपणे विचारला गेला. आज आपण तोच प्रश्न कुजबुजून विचारतो. नीटच्या क्लासला जाऊन शिकवणारे सहकारी तुला भेटतील, पगार चांगला असूनही. तू जाऊ नकोस, कारण त्या क्लासच्या बाकावर तुझ्याच कॉलेजची मुलं असतात आणि त्यांच्या आई-बापांना वाटतं, गुण तिथूनच मिळतात. मग तुझ्या वर्गात फी न परवडणारी तेवढी उरतात.

मुलींच्या, मुलांच्या, सहकाऱ्यांच्या त्रासाच्या गोष्टी तुझ्या कानावर येतील, कारण तू तरुण आहेस आणि त्यांना जवळची वाटशील. ऐकून घे, पण स्टाफरूममध्ये ‘मिटवून’ टाकू नकोस. अंतर्गत तक्रार समिती त्यासाठीच आहे, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते, आणि आपल्या मिटवामिटवीतच ते तीन महिने निघून जातात. व्हॉट्सॲपवर जे सांगायचं ते ग्रुपवर सांग. रात्री दहानंतर कुठल्याही विद्यार्थ्याला मेसेज नको, अगदी ‘ऑल द बेस्ट’सुद्धा नको.

आणखी एक, जे कुणी सांगणार नाही. तुझ्या विभागात तासिका तत्त्वावरची दोन-तीन माणसं असतील. सीएचबीवाले म्हणतात त्यांना, जणू ते नावच. तेही नेट-सेट झालेले, कधी पीएचडी, आणि तुझ्या पगाराच्या पासंगालाही न पुरणाऱ्या मानधनावर. पेपर सेट करायला, गुण ऑनलाइन भरायला, सहलीला मुलांबरोबर जायला त्यांनाच पाठवतात आणि बिलावर सही कायमवाल्याची असते. नियमानं तुझ्या वाट्याला आठवड्याचे सोळा तास येतात. ते सोळाही तूच घे. त्यांनी केलेल्या कामाचं मानधन त्यांच्याच नावावर काढ. कायम नोकरी मिळवायला आपल्याकडे कुणी काय मोजतं, यावर मी तुला काही विचारत नाही. तुझ्याकडून कुणी मागितलं नाही म्हणालीस, मला तेवढं पुरे. ज्यांनी मोजले ते मात्र कुणाकडून तरी वसूल करतात, आणि ते बहुधा सगळ्यात दुबळ्याकडूनच.

परीक्षेच्या कामाचं पत्र येईल. पेपर सेटर, मॉडरेटर, भरारी पथक, काहीही. आपले चांगले शिक्षक याला कंटाळतात. वैद्यकीय दाखला जोडून मोकळे होतात, आणि मग ते काम ज्यांना हवंच असतं त्यांच्याकडे जातं. तेच वर्षानुवर्षं पेपर काढतात, तेच तपासतात, आणि गाइडं छापणारे प्रकाशकही त्यांच्याच ओळखीचे असतात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं परीक्षेचं काम प्रत्येक शिक्षकावर बंधनकारक आहे, पण कायदा बाजूला ठेवूनही सांगते: पहिलं पत्र आलं की नाही म्हणू नकोस. ऑक्टोबरच्या प्रॅक्टिकलला नेमणूक झाली तर कुठल्या कॉलेजला ते मला कळव, तिथल्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक किती चालतात ते मी सांगेन.