गुच्छी : ओळख, वेचणी आणि वाळवण

दिल्लीच्या चांदणी चौकाचा पश्चिमेकडील शेवट फतेहपुरी मशिदीपाशी होतो. १६५० साली बांधलेल्या या मशिदीला लागूनच खारी बावली नावाची मसाले, सुकामेवा व वनौषधी यांची घाऊक पेठ आहे. तेथे हळद आणि मिरची पोत्यांतून विकली जाते. एक वस्तू मात्र बहुधा काचेच्या बरणीत, दुकानदाराच्या हाताशी ठेवलेली असते. ती तपकिरी-काळपट, सुरकुतलेली आणि वजनाला फुलासारखी हलकी असते. हीच गुच्छी. अलीकडच्या काळात तिचा किरकोळ भाव किलोला तीस हजार रुपयांच्या पुढे गेलेला आहे. दिल्लीभोवतालच्या अरवलीच्या कोरड्या, काटेरी रानात ती उगवत नाही. काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडातील देवदाराच्या अरण्यांतून ती वाळून येथवर येते. ताजी गुच्छी पाहिलेला माणूस दिल्लीत विरळाच.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गुच्छी हे ‘मॉर्केला’ या प्रजातीतील कवक होय. कोकणात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी आपल्या परिचयाची असते. तिला छत्री असते आणि छत्रीच्या खालच्या अंगास पातळ पटले असतात. या पटलांवर तिची बीजुके तयार होतात. गुच्छीला अशी छत्रीही नसते व पटलेही नसतात. तिच्या डोक्यावर मधाच्या पोळ्यासारखे खळगे असतात. खळग्यांच्या आतील अस्तरात सूक्ष्म नळ्या दाटीने उभ्या असतात. या नळ्यांना धानी म्हणतात. प्रत्येक धानीत आठ बीजुके असतात आणि ती पक्व झाली की वेगाने बाहेर फेकली जातात. तात्पर्य, अळंबी आणि गुच्छी या कवकसृष्टीच्या दोन निराळ्या शाखा आहेत. अळंबी वेचण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही गुच्छीची ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

लिनीअसने १७५३ साली या कवकाच्या नावाला ‘एस्क्युलेंटा’, म्हणजे खाद्य, हे विशेषण जोडले. गंमत अशी की हेच विशेषण पुढे एका विषारी कवकालाही चिकटून बसले. त्याचा विचार ओघाने येईलच.

गुच्छी ओळखण्याची खरी जागा तिचे बाह्यरूप नसून तिचा छेद ही आहे. धारदार चाकूने ती डोक्याच्या टोकापासून देठाच्या तळापर्यंत उभी चिरावी. खरी गुच्छी आतून पूर्णपणे पोकळ असते, आणि ती पोकळी डोक्यापासून देठापर्यंत एकसंध असते. मध्ये पडदा नसतो, कापसासारखा गर नसतो. डोक्याची खालची कडा देठाशी सांधलेली असते. काही जातींत तिचा थोडासा भाग सुटा राहतो एवढेच. ‘व्हर्पा’ नावाचे एक साधर्म्य असलेले कवक आहे. त्याचे डोके शिंप्याच्या अंगुस्तानाप्रमाणे देठाच्या टोकावर नुसते अडकवल्यासारखे असते, आणि देठात बहुधा मऊ तंतुमय गर भरलेला असतो.

याहून धोक्याचे कवक म्हणजे ‘जायरोमिट्रा’. वर उल्लेखिलेले विशेषण मिरवणारे विषारी कवक ते हेच. तेही वसंत ऋतूतच आणि सूचिपर्णी झाडांच्या आश्रयानेच उगवते. त्याच्या डोक्यावर खळगे नसून मेंदूसारख्या वेटोळ्या घड्या असतात. छेद घेतला तर एकसंध पोकळीऐवजी आत वेडेवाकडे कप्पे दिसतात. त्यातील जायरोमिट्रिन या द्रव्यापासून शरीरात मोनोमिथिल हायड्रॅझिन तयार होते. हे रसायन अग्निबाणांचे इंधन म्हणून वापरले जाते, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. विषबाधेची लक्षणे कित्येक तासांनी दिसू लागतात, आणि पुढे यकृतावर आघात होतो.

रानातील कवकांविषयी लोकांत काही कसोट्या रूढ आहेत. शिजवताना चांदीचे नाणे काळे पडले किंवा लसूण निळसर झाला तर कवक विषारी. किड्यांनी खाल्लेले असेल तर निर्धोक. या सर्व कसोट्या साफ खोट्या आहेत. किड्याचे शरीर आणि माणसाचे यकृत यांची तुलनाच होऊ शकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या पूर्व भागात रानातील कवके खाल्ल्याने तेरा माणसे दगावली. ती कवके गुच्छीच्या कुळातील होती असे नव्हे. परंतु ओळखीतील चुकीला कोणती किंमत पडते, ते या घटनेवरून कळावे.

हिमालयात बर्फ वितळून जमीन किंचित उबदार झाली की, मार्च ते मेच्या सुमारास, गुच्छी डोके वर काढते. जसजसा उन्हाळा चढतो तसतसा तिचा हंगाम डोंगरावर वर सरकत जातो. गडगडाट झाला की गुच्छी फुटते, अशी पहाडी लोकांची श्रद्धा आहे. गडगडाटाबरोबर येणाऱ्या वसंतातील पावसाचा ओलावा तिला मानवतो, हे मात्र खरे. कुलू, चंबा, मंडी या भागांतील कुटुंबे पहाटेच रानात शिरतात. पालापाचोळ्याच्याच रंगाची ही वस्तू नजरेला सहज सापडत नाही. एक दिसली की तेथेच थांबून चहूकडे पाहावे, असा जाणत्यांचा प्रघात आहे. आपली जागा सहसा कोणी दुसऱ्याला सांगत नाही, आणि त्यात नवल काहीच नाही. गुच्छी उपटण्यापेक्षा देठाशी कापणे चांगले. तिच्या पोकळीत माती जात नाही आणि पुढचे काम हलके होते. लहान कोंब राखून ठेवावेत.

तिची लागवड करण्याचे प्रयत्न दीर्घकाळ फसत आले. रोनाल्ड ओवर या अमेरिकी अभ्यासकाने १९८२ साली नियंत्रित वातावरणात गुच्छी उगवून दाखवल्याचे प्रसिद्ध केले. चीनमध्ये आज तिची मोठ्या प्रमाणावर शेती होते. सोलन येथे १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कवकसंशोधन केंद्राचे पुढे संचालनालयात रूपांतर झाले. तेथील शास्त्रज्ञांनाही २०२१ मध्ये ती उगवण्यात यश आले.

ताज्या गुच्छीचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याचा असतो. म्हणूनच दहा किलो ताज्या मालातून जेमतेम एक किलो वाळलेला माल हाती येतो आणि ताजा माल दोन-चार दिवसांत नासतो. वाळवण्यापूर्वी ती धुऊ नये. मऊ कुंचल्याने माती झटकावी व पोकळीतील किडे हलकेच आपटून पाडावेत. मग देठातून दोरा ओवून माळा करतात व हवेशीर जागी टांगतात. ढगाळ दिवसांत माळ चुलीवर टांगण्याची रीत आहे. तिने काम भागते, परंतु धुराचा वास मूळ सुगंधावर मात करतो, म्हणून ती रीत नाइलाजाचीच समजावी. यंत्राने वाळवायची असल्यास पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब पुरेशी होते. अधिक उष्णतेने वरचे कवच कडक होते आणि आत ओल कोंडते. नीट वाळलेली गुच्छी बोटांत दाबल्यास कुरकुरते. लवत असेल तर ती ओली आहे. अशा मालाला बुरशी धरते आणि गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजते. घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवल्यास ती वर्षभर सहज टिकते.

छेदाची कसोटी वाळवणानंतरही नाहीशी होत नाही, हे दिल्लीतील गिऱ्हाइकाने जाणून असावे. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली की गुच्छी पुन्हा आकार धरते. मग प्रत्येक नग उभा चिरून पाहावा. पोकळी एकसंध असेल तोच ठेवावा. आत कप्पे वा गर दिसला तर टाकून द्यावा. चिरल्याने आत दडलेली रेतीही धुतली जाते. भिजवलेले पाणी निवळू द्यावे, फडक्यातून गाळावे आणि पुलावात वापरायचे झाल्यास तांदळाबरोबर नीट उकळू द्यावे.

खरी गुच्छीसुद्धा कच्ची खाण्याची वस्तू नव्हे. २०२३ च्या वसंतात अमेरिकेतील मोंटाना राज्यात एका उपाहारगृहातील पदार्थांतून कच्ची किंवा अर्धकच्ची गुच्छी खाल्लेली पन्नासहून अधिक माणसे आजारी पडली व त्यांपैकी दोघे मरण पावले. ती गुच्छी लागवडीची होती आणि तिची ओळखही चुकलेली नव्हती. वाळवण्याने हा दोष जातो असे धरून चालू नये. भिजवलेली गुच्छीही पूर्ण शिजवलीच पाहिजे. प्रथमच खाणाऱ्याने एक-दोन नगांवर थांबावे, सोबत मद्य घेऊ नये आणि भिजवलेले एक-दोन नग दुसऱ्या दिवसापर्यंत वेगळे काढून ठेवावेत. कोणाला त्रास झालाच तर ते डॉक्टरांना दाखवता येतात.