गोष्ट कोणाची, केव्हाची?

मंडळी, जुना कागद दिसला की आपण तो चुलीत घालतो, नाही तर रद्दीत देतो. पण काही विद्यापीठांत जुन्या गोष्टींची पुस्तके कपाटात जपून ठेवतात. विद्यार्थी ती वाचून अभ्यास करतात. कसा, ते आपण पाहू.

शास्त्राच्या आधाराने रचलेल्या कल्पनेच्या गोष्टीला विज्ञानकथा म्हणतात. फ्रान्स देशात जूल व्हर्न नावाचा लेखक होता. चंद्राकडे निघालेल्या माणसांची गोष्ट त्याने १८६५ साली लिहिली. माणूस खरोखर चंद्रावर उतरला तो १९६९ साली. व्हर्नची माणसे तोफेतून उडतात बरे का! खरे यान अग्निबाणावर गेले. म्हणजे काही अंदाज बरोबर आला, काही चुकला.

अमेरिकेत ईटन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी हौसेने जमवलेली अशी सुमारे ७,५०० पुस्तके रिव्हरसाइड गावच्या विद्यापीठाने १९६९ साली घेतली. त्याच साली आपले तारापूरचे अणुवीज केंद्र वीज देऊ लागले.

विद्यार्थी जुने पुस्तक उघडतो आणि तीन प्रश्न विचारतो. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? यात खरे किती आणि कल्पना किती?

हे प्रश्न सोपे वाटतात, पण तसे नाहीत. आपल्या मराठीतलेच पाहा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. कथेवर नाव होते नारायण विनायक जगताप. खरे लेखक होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. ते मोठे खगोलशास्त्रज्ञ. २०२५ साली ते वारले. आपले नाव पाहून कोणी बक्षीस देऊ नये, म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन दुसरे नाव केले. कागदावरचे नावही तपासावे लागते, ते असे.

आता म्हणाल, याचा आम्हांला काय उपयोग? उपयोग आहे. आपण तारापूरच्या केंद्राजवळ राहतो. बोईसरला कारखाने आहेत. त्यांच्याविषयी नाना गोष्टी कानांवर येतात. कोणी पत्रक वाटतो, कोणी फोनवर मजकूर धाडतो. लगेच घाबरू नका, लगेच मानही डोलवू नका. तेच तीन प्रश्न विचारा.

आणखी एक. केंद्राच्या वाढीसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना नव्या जागी जावे लागले. अशा वेळी तोंडचा शब्द विरून जातो, तारखेचा कागद टिकतो. म्हणून नोटीस, पावती, जमिनीचा कागद जपा. पाकिटावर साल लिहा. आता तुम्हांला लिहिता येते!

सांगा पाहू :
१. विद्यार्थी कोणते तीन प्रश्न विचारतो?
२. नारळीकरांनी दुसरे नाव का घेतले?
३. तुमच्या घरातला सर्वांत जुना कागद कोणत्या सालचा आहे? आज शोधून वाचा.