सारंगागार

फेब्रुवारीच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये थंडीचा अंमल सरलेला नसतो. ओक वृक्षांच्या फांद्या निष्पर्ण असतात आणि पहाटे तळ्यांच्या काठांवर बर्फाचा पापुद्रा धरतो. अशा वेळी उंच झाडांच्या शेंड्यांवर एकेक राखी बगळा येऊन उतरू लागतो. हिवाळाभर हा पक्षी पाण्याकाठी बहुधा एकटा वावरतो. विणीचा हंगाम आला, की मात्र त्याला शेजार हवासा वाटतो. बगळ्यांच्या या सामुदायिक वसतिस्थानास 'सारंगागार' म्हणतात.

प्रथम येतो तो नर. गतवर्षीचे एखादे भक्कम घरटे तो गाठतो आणि मान उंच ताणून, चोच आकाशाकडे रोखून मादीला साद घालतो. जोडी जमली, म्हणजे घरट्याची डागडुजी सुरू होते. नर काटक्या आणतो. मादी त्या चोचीने घेऊन घरट्यात गुंफते. शेजाऱ्याचे लक्ष नसले, तर त्याच्या घरट्यातील काटकी पळविण्यासही हे गंभीर मुद्रेचे पक्षी मागेपुढे पाहत नाहीत!

थंडी सरण्यापूर्वीच ही घाई कशासाठी? मादी साधारणतः ३ ते ५ निळसर हिरवी अंडी घालते. दोघेही ती आळीपाळीने सुमारे २५ दिवस उबवतात. पिले उडू लागण्यास पुढे आणखी सुमारे ७ आठवडे लागतात. त्यामुळे पिलांची भूक वाढते, तेव्हा एप्रिल-मे महिने आलेले असतात आणि पाण्यात मासे व बेडूक विपुल मिळतात. अंडी एकाच दिवशी घातली जात नाहीत. म्हणून पिलेही मागेपुढे जन्मतात. अन्न अपुरे पडले, तर सर्वांत धाकटे पिलू बहुधा दगावते.

गोठलेले पाणी हे बगळ्यावरील मोठे संकट होय. बर्फाखाली मासे असूनही त्याला उपास घडतो. १९६२-६३ चा हिवाळा ब्रिटनमध्ये अत्यंत कडक होता. त्यानंतरच्या वसंतात अनेक घरटी रिकामीच राहिली. बगळ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. ती भरून निघण्यास कित्येक वर्षे लागली.

मुलांनो, हे आपल्याला कसे कळले? १९२८ साली मॅक्स निकल्सन या तरुण पक्षिनिरीक्षकाने इंग्लंड व वेल्समधील बगळ्यांच्या घरट्यांची गणना घडवून आणली. तेव्हापासून हौशी निरीक्षक दर वसंतात झाडांखाली उभे राहून घरटी मोजत आले आहेत. एकट्याची नोंद ती केवढी! परंतु अनेकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र आल्या, म्हणूनच बगळ्यांवरील आपत्ती ध्यानात आली.

राखी बगळा आपल्या महाराष्ट्रातील जलाशयांवरही दिसतो. आपल्या देशात त्याची वीण बव्हंशी पावसाने भरलेल्या पाण्यावर अवलंबून असते. ऋतू निराळा, पण हेतू एकच: पिलांना पोटभर अन्न मिळावे.

शब्दार्थ
निष्पर्ण – पाने नसलेला
विपुल – पुष्कळ
बव्हंशी – बहुतेक प्रमाणात

स्वाध्याय
१. राखी बगळे थंडी सरण्यापूर्वीच घरट्यांकडे का परततात?
२. १९६२-६३ च्या हिवाळ्याचा बगळ्यांवर कोणता परिणाम झाला? का?
३. तुमच्या गावातील एखाद्या झाडावरील घरटी दुरूनच मोजा व दिनांकासह वहीत नोंद करा.